तीन झटके

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की भिंतीपलीकडे यांना सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र लिहितेय. खुशाली म्हणावी असं इकडे काही नाही. काल हॉस्पिटलच्या चढावर गाडीने पुन्हा दगा दिला. पाचाचा चार, चाराचा पाच, गिअर ठरेचना. मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. मागून हॉर्न, शेजारी हे घामाघूम. यांच्या मणक्यातल्या गाठीला अजून वीस दिवस रेडिएशन द्यायचंय, आणि डॉक्टरांनी बजावलंय की एकही दिवस चुकवू नका.

नऊ गिअरची ऑटोमॅटिक घे, लोण्यासारखी चालते, असं तूच सांगितलंस. स्वतः मात्र तो चार गिअरचा जुना खटारा हाकतोस. गिअरबॉक्सचा एवढा मोठा मेकॅनिक तू, बहिणीच्या वेळीच कुठे गेली अक्कल? मी अगदी रडकुंडीला आलेय दादा, काहीतरी कर.

राग आहेच, लोभही राहू दे.

ठमी


७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, शिव्याही मिळाल्या. नऊ गिअर घ्यायला लावले ते जावईबापूंच्या पाठीसाठीच. पायऱ्या जास्त केल्या की एकेक पायरी लहान होते, तसं असतं ते. गिअर बदललेला कळत नाही, पेट्रोलही कमी लागतं. पण आत चकत्या, झडपा सगळंच वाढतं आणि बिघडायला जागाही वाढते.

चुकलो तो पुढे. गिअरबॉक्सचं तेल जन्मभर बदलायला नको, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. गिऱ्हाइकाने ते वाचून दाखवलं की मी हसतो आणि तेल बदलतो. तुझी गाडी घरची, म्हणून दर वेळी पुढच्या खेपेला बघू म्हणालो. चकत्या जळाल्या त्या माझ्या हलगर्जीपणामुळे. याची फार लाज वाटते.

नवा गिअरबॉक्स यायला दोन महिने लागतील. तोवर माझा खटारा पाठवतोय. तो चढावर थांबणार नाही, पण प्रत्येक गिअरला झटका देईल, आणि तो झटका मला काढता येणार नाही. त्यांना विचारून बघ.

माफ केलंस तर कळव, नाही केलंस तरी कळव.

दादा


१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खटारा पोचला. तोवरच्या पाच फेऱ्या त्या बिघडलेल्या गाडीनेच कशाबशा केल्या. यांना विचारलं तर म्हणाले, कण्हत का होईना, पोचू तरी. खटाऱ्यानेही पाच फेऱ्या झाल्या, एकदाही थांबला नाही. पण दुसरा, तिसरा, चौथा, असे तीन झटके आणि यांचं तीनदा कण्हणं. सिग्नल लागला की पुन्हा पहिल्यापासून. वाटेत सिग्नल अकरा आहेत. मी स्टिअरिंग घट्ट धरते, मनातल्या मनात तुला शिव्या घालते आणि रडते.

काल पहिला झटका बसला आणि हे गप्प. दुसऱ्यालाही गप्प. गाडी कडेला घेतली, बघते तर रुमाल दातांत घट्ट धरलेला आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मला ऐकू जाऊ नये म्हणून. फार संतापले रे मी. म्हटलं, कण्हा, मोठ्याने कण्हा, तुमचं कण्हणं ऐकू येतं तोवरच मला गाडी चालवता येते. रुमाल काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला.

अजून दहा फेऱ्या आहेत. तुला माफ केलेलं नाही. खटाऱ्याचं तेल कधी बदलायचं, ते मात्र उलट टपाली कळव.

ठमी