आमच्या घरात कुणालाच नाही

नांदेड,
३ ऑगस्ट २०२५, रविवार

ती. शिवमूर्ती अण्णा,
शरणु शरणार्थ.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पंचमीची साडी मिळाली. रंग चांगला आहे, वहिनीनं निवडला असणार. दरवर्षी तू न्यायला येतोस, यंदा कुरिअर आलं. ब्लाऊजपीस शिवायला टाकला नाही. माप बदलणार आहे.

फोन केला की "दुकानात गिऱ्हाईक हाय" म्हणून ठेवतोस. पत्राला गिऱ्हाईक आडवं येत नाही, म्हणून लिहायला बसले.

एप्रिलमध्ये माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा तूच उदगीरहून धावत आलास, हे मी विसरले नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला कॅन्सर होता का? मी तोंड उघडायच्या आत तू पटकन म्हणालास, "न्हाई, आमच्या घरात कुणालाच न्हाई." मग नुसती गाठ काढली, स्तन राखला. रक्ताच्या तपासणीची घाई कुणी केली नाही.

नंतर बिलोलीच्या गंगम्मा आत्याचा संगमेश्वर भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, "आईचंबी छातीचंच होतं. शिवमूर्तीदादा डबा घेऊन यायचा की दवाखान्यात." आत्या पोटदुखीनं गेली असंच मला लहानपणी सांगितलेलं. तुला माहीत होतं, अण्णा. विचारलं तर म्हणतोस, "आत्या बिलोलीच्या घरची. दिल्या घरची माणसं आपल्यात कशी धरायची?" आपण खोटं बोललो असंही तुला वाटत नाही, याचाच मला जास्त राग येतो. पंचमीला आत्या माहेरची, झोक्याचा पहिला मान तिचा. आजारपणात मात्र ती सासरची.

हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी रक्त तपासलं. जन्मजात दोष निघाला, आप्पांकडून आलेला. बायकांचं दुखणं बापाकडूनही येतं म्हणे. आता एक तर स्तन ठेवून दरवर्षी एमआरआय करत राहायचं, नाहीतर दोन्ही काढून टाकायचे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वाटा चालतात, तुम्ही ठरवा. सासूबाई म्हणतात, "चांगलं अंग कापायलीस व्हय?" हे टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी दोन्ही काढायचं ठरवलंय. जन्मभर रिपोर्टची वाट बघत बसणं मला जमायचं नाही. अंडाशयंही काढून टाका म्हणतात, ते पुढं बघू. गळ्यातलं इष्टलिंग आहे तिथंच राहील. आंघोळीला बसले की मात्र रडू येतं.

आता शिल्पाचं. तो दोष तुझ्यातही असायची शक्यता निम्मी आहे. तुझ्यात असला तर तुझ्या पोरीतही असू शकतो. रक्त तपासून घे म्हटलं तर तू म्हणालास, "सोयरीक ठरायलीय. तवर गप ऱ्हा." पोरीच्या बापाची काळजी मला कळते. पण वहिनीनं सांगितलं, पाहुण्यांनी घरातल्या आजारपणाचं विचारलं तेव्हाही तू म्हणालास, "आमच्या घरात कुणालाच न्हाई."

मी अजून जिवंत आहे, अण्णा. मला तरी धरायचं होतंस.

शिल्पाला मी काही सांगितलेलं नाही. परवा तिनंच फोन करून विचारलं, "आत्या, तुला काय झालंय? पप्पा सांगंनात." मी म्हटलं, पप्पाच सांगतील. तुझ्यासाठी मी एवढंच सांभाळलं, यापुढं सांभाळणार नाही.

गुरुवारी भरती व्हायचंय, शुक्रवारी ऑपरेशन. शनिवारी राखी आहे, पण तेव्हा हात उचलता येणार नाही म्हणाले, म्हणून गुरुवारीच बांधीन. शिल्पाला घेऊन ये. भरती करताना सगळं नव्यानं विचारतात, घरात आधी कुणाला होतं का म्हणून. या वेळीही मी गप्प बसेन, उत्तर तूच दे. आधी आत्याचं नाव सांग, मग माझं. शिल्पा शेजारी उभी असू दे.

तुमच्याच घरची,
शिवकन्या