दोरीवरचे शब्द

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं सरळ. माझं मात्र काज-बटणं करून करून वाकडं झालंय, तेव्हा मार्क कापू नकोस. कारखान्यात सगळं ठीक. खोलीतल्या दोघी घोरतात, मी कान झाकून झोपते.

तुझ्या पत्रात माझ्या खारूसाठी वेगळी चिठ्ठी घालत आले, मोठ्या अक्षरांत. मायलेकींचं गुपित, मावशीला दाखवायचं नाही, असं निघताना तिला बजावलं होतं. तूही उघडणार नाहीस असा शब्द दिलास. सात चिठ्ठ्या झाल्या, एकीलाही उत्तर नाही. सातव्या चिठ्ठीत मी तिला एक गोष्ट विचारली आहे. इथे महिनाअखेरच्या आत आणखी वर्षभराच्या करारावर सही हवी आहे आणि माझं सगळं तिच्या उत्तरावर अडलंय. रागावली आहे का गं ती?

लेकीवर आहे तेवढाच लोभ माझ्यावरही असू दे.

तुझी धाकटी


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. चिठ्ठ्या वाचल्यास का, विचारलं तर खारूने मान डोलावली. उत्तर लिही म्हटलं तर खेळायला पळाली. सुखात असलेली पोरं आईबापांना विसरतात, हे मी वीस वर्षं बघतेय.

आणि वाचनाचं म्हणशील तर वर्गात उजळणी चालू आहे. भिंतीवर दोरीला शब्दांची कार्डं टांगली आहेत: शीर्षक, लेखक, पात्र, घटना, नाम, क्रियापद. मी छडीने दाखवत जाते, पोरं वाचतात आणि अर्थ सांगतात. तुझी लेक शेवटी उभी राहते आणि धाडधाड म्हणते. तिला मुद्दामच शेवटी ठेवते, एकटीला कधी काही विचारत नाही. नाहीतर मावशीची लाडकी म्हणून बोंब व्हायची. घरीही पुस्तक काढत नाही. घरात तरी मी तिची मावशी असावी.

सही करून टाक. प्रकृतीला जप आणि थोडी माझी आठवण ठेव.

ताई


ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

काय तोंडाने लिहू? काल दोरी तुटली. कार्डं गोळा करून हाताला येतील तशी मी परत टांगली. खारूची पाळी आली. मी 'घटना'वर छडी ठेवली, ती म्हणाली शीर्षक. 'नाम'वर ठेवली, म्हणाली लेखक. जुन्याच क्रमाने शेवटपर्यंत म्हणत गेली, अर्थांसकट. वर्ग हसला. चावटपणा करतेय असं वाटून मीच आधी हसले गं. मग तिचा चेहरा पाहिला.

तिला वाचता येत नाही. अक्षरं सुटी ओळखते, जोडता येत नाहीत. वर्षभर सगळ्यांचं ऐकून ऐकून पाठ केलं आणि फळ्यावरचं सुबक उतरवलं. लोक काय म्हणतील म्हणून मी तिला एकदाही एकटीला उभं केलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं आणि पदरात घातलेली तशीच राहिली.

घरी तिने डबा दाखवला. साती चिठ्ठ्या घड्या नीट करून ठेवल्या आहेत. कोणाकडून तरी वाचून का नाही घेतल्यास, विचारलं. आईने दाखवायचं नाही सांगितलंय, म्हणाली. मीही उघडल्या नाहीत. आता रोज संध्याकाळी कार्डं पिसून आम्ही बसणार. ती स्वतःच वाचेल.

सही केली नसलीस तर थांब. लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.

ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

सही बारा तारखेलाच केली, तुझं पत्र आलं त्याच दिवशी. आता वर्षभर सुटका नाही. आज साहेबांना भेटले, ते म्हणाले की बाई, कागद पुढे गेला.

तुझ्यावर राग नाही. गुपिताची हौस माझीच. सातव्या चिठ्ठीत मी विचारलं होतं की मी परत येऊ का, 'ये' किंवा 'नको' एवढंच लिही, तू म्हणशील तसं करीन. ताई, खारू वाचत तिथपर्यंत पोचायच्या आत ती चिठ्ठी काढून घे. लेकीला फसवायला सांगतेय, कळतंय मला.

माझ्यासाठी एवढं कर.

धाकटी


ता. १८ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

सातवी चिठ्ठी काढून हजेरीपटात ठेवली. चार दिवस पोर शोधत होती. गादीखाली बघायची, कपाटामागे बघायची, परत सहा मोजायची. पाचव्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. तुझं सांगणं मोडलं आणि मी घेतली होती म्हणून कबूल करून परत दिली. रागावली नाही. तेच जास्त लागलं.

काल दुपारी खिडकीशी बसून बोट ठेवत तिने वाचली. चांगली पंधरा मिनिटं लागली. एका शब्दाला अडली तेव्हा मी पुढे सरकले, तर हाताने कागद झाकला. कराराचं मी सांगितलेलं नाही. ते कसं सांगायचं, तूच कळव. सोबतची चिठ्ठी तिची आहे, मी पाहिलेली नाही.

दोघींच्या लोभात जमलं तर मलाही ठेवा.

ताई


प्रिय आई,

तुझ्या साती चिठ्ठ्या मी वाचल्या. एकटीने वाचल्या. तू विचारलंस परत येऊ का. ये.

मला वाचायला खूप वेळ लागला. मावशीला दाखवलं नाही. तू अजून थांबली आहेस ना?

खारू