पितळ लिहिलेली पेटी

मी, शामराव कुशाबा रणपिसे, वय ७४, निवृत्त ट्रम्पेटवादक, मूळ राहणार बीडीडी चाळ, नायगाव, सध्या मुक्काम संक्रमण शिबिर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मला स्वतःला गेल्या रविवारपासून तेवढी खात्री वाटत नाही. जे झालं ते अजून डोक्यात शिरत नाही.

१. पुनर्विकासात मिळणारं घर आणि बँकेतल्या ठेवी पत्नी बकुळा हिला, तिच्यानंतर मुलगा हर्षवर्धन याला. अट एकच. दर रविवारी सकाळी दहा ते बारा बाहेरची खोली मुलांच्या वर्गासाठी मोकळी राहील. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आमच्याकडच्या पोरांना हिंदी गाण्यांचा स्टेज शो आठवतो. सत्तर-ऐंशी वादक एकत्र बसतात तो मोठा वाद्यवृंद आणि त्यातली वाद्यांची चार कुटुंबं त्यांना माहीत व्हावीत, म्हणून मी बावीस वर्षं हा वर्ग घेतला. जुनी वाद्यं जमवून चार पत्र्याच्या पेट्यांत ठेवली आणि पेट्यांवर ऑइलपेंटने लिहिलं: तार, लाकूड, पितळ, थाप.

२. घडलं ते असं. मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पाच दिवस इस्पितळात होतो. तेवढ्यात चाळीतली खोली रिकामी करायची तारीख आली. सामान हर्षवर्धनने हलवलं. घरी येऊन मी पेट्या उघडल्या. पितळेच्या पेटीत गोधड्या होत्या.

"आप्पा, पेटीवर तुम्हीच लिहिलंय ना पितळ?" तो म्हणाला. "मला वाटलं, मोडीत घालायचं बाजूला काढलंय. सगळं चेपलेलं होतं हो!"

माझा एक्केचाळीस वर्षांचा ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न. बकुळा धावत भंगारवाल्याकडे गेली. माल आदल्या दिवशीच वितळवायला गेला होता. किती आले, हे मी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगू नये.

मला धक्का वाद्यांचा बसला, पण त्याहून मोठा दुसरा आहे. हाच मुलगा सात वर्षांचा असताना डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून हॉर्न आणि ट्रॉम्बोन ओळखायचा. उघड्या डोळ्यांनी त्याला ते ओळखू आले नाहीत. तो ते उचलून तराजूवर ठेवत होता, आणि हाताला काहीच कळलं नाही? मी त्याच्यावर रागावलेलो नाही. रागावण्याइतका अजून भानावर आलेलो नाही.

३. रघु साटम, आमचा तिसऱ्या माळ्यावरचा शेजारी. "रणपिसे, तुमची बेंजो पार्टी बंद करा, झोप होत नाही," असं तो बावीस वर्षं दर रविवारी सकाळी साडेदहाला सांगत आला. त्याला मी थापेच्या पेटीतला ट्रँगल, म्हणजे टिणटिण वाजणारा लोखंडी त्रिकोण, देतो. घरात असला की वाजवल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या बायकोला आत्ताच सॉरी म्हणतो.

४. सॅक्सोफोन शेजारच्या वैशालीची मुलगी मानसी, वय दहा, हिला. तो वाचला कसा, हे नोंदवणं आवश्यक आहे. इस्पितळात जाण्याआधी मुलं वाद्यं पेट्यांत भरत होती. सॅक्सोफोन मी पितळेत ठेवला. मानसी ओरडली, "आजोबा! तो लाकडातला ना? तोंडाला बोरूची पत्ती आहे त्याच्या!"

"पण अंग पितळेचं आहे की," मी म्हणालो.

"असू दे. बोलतो तर पत्तीने. घरजावई आहे तो लाकडाचा!"

तिने तो उचलून लाकडाच्या पेटीत क्लॅरिनेटशेजारी ठेवला. "तुझी परीक्षा घेत होतो," असं मी तिला सांगितलं. ती परीक्षा नव्हती. मी चुकलो होतो.

५. तार, लाकूड आणि थाप या पेट्यांतली उरलेली वाद्यं वर्गाची. त्यांची व्यवस्था माझे मित्र अभय मोरजकर, डिलाईल रोड, यांनी पाहावी.

६. पितळ लिहिलेली रिकामी पेटी हर्षवर्धनला. तिच्यात गोधड्या ठेवू नयेत, अक्षरं खरवडू नयेत. दर रविवारी ती मुलांसमोर उघडून त्यात कोण कोण राहत होतं, कोणाचा आवाज कसा होता, हे त्याने तोंडाने काढून दाखवावं. लहानपणी त्याला येत होतं. कुठे अडला किंवा चुकला, तर मानसीने त्याला सगळ्यांदेखत टोकावं. मला टोकलं होतं.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: शामराव कुशाबा रणपिसे

साक्षीदार:
१. अभय विठ्ठल मोरजकर
२. डॉ. मेघना कारखानीस

ठिकाण: नायगाव, मुंबई
तारीख: १४ सप्टेंबर २०२५, रविवार. वर्ग सुटल्यावर.