अंगठ्याचं माप

राळेगाव, मंगळवार, संध्याकाळ

हवालदार नाक्यावर स्टीलच्या पट्टीनं मोटरसायकलींच्या नंबरप्लेटवरच्या आकड्यांची उंची मोजत होता. आकडा लहान निघाला की गाडी जमा. माझ्या शेजारचा देविदास मोटरसायकलसकट अडकला. कापूस खरेदीच्या रांगेत त्याची बैलगाडी उभी. वेळेत पोचला नाही तर पाळी जाणार, आठवडा वाया.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पाट्या रंगवणारी वेणूताई तिथेच होती. तिनं त्याच्या प्लेटवरचे जुने आकडे पुसले, अंगठा टेकवून माप घेत नवे काढले.

"मावशी, पट्टी घे ना," हवालदार म्हणाला.

"मले कायले, भाऊ? तुमीच मोजा मंग."

त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. रेघभरही फरक नाही. त्यानं पट्टी खिशात घातली. देविदास ओल्या रंगासकट सुटला.

तीस वर्षं मी पेपरात शब्द मोजून लिहितोय, तरी पुन्हा मोजतो. घरी येऊन माझा अंगठा पट्टीवर ठेवून पाहिला. नुसता अंगठा.