मानपत्रातली ओळ

पाथरी
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. महारुद्र यास कमलअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई अन् मला ओरडायला जोर न्हाई, म्हणून हे पत्र. पाल्हाळ लावत न्हाई. भक्तनिवासाच्या सैपाकघरातून मला काढलं.

अकरा महिने पगार न्हाई. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत मॅनेजर दिनकररावानं झुलवलं. परवा मी झारा खाली ठेवला अन् सरळ त्याच्या हापिसात जाऊन इचारलं. तर म्हणला, कमलबाई, पगार कसला? तुमी तर सेवेकरी. महिन्याला पाकीट देत होतो तो देवाचा प्रसाद होता. देणगी कमी झाली, प्रसाद बी कमी झाला. उद्यापासून येऊ नका.

अठरा वर्षं झाली. गुरुवारी तीन-तीनशे पानं उठवली मी. पाकिटाला कुंकू लावून द्यायचा अन् मी येडी ते कपाळाला लावून घ्यायची. चार हजारावर लागले, वाढत वाढत नऊ झाले. काम सोडताना दर वर्षामागं एक पगार द्यायचा, असं बी ठरलं होतं, पण समदं तोंडी. देवाच्या दारात कागद कशाला, असं तोच म्हणला होता.

प्रसादावर किराणावाला तेल देत न्हाई. काय करायचं ते कळव. तू मास्तर, तुला कागदातलं कळतं. तुझी सून राजेश्री, तिला अन् लेकरांना आशीर्वाद. लोभ हाय तेवढाच ठेव, जास्तीचा ठेवायला माझ्या खोलीत जागा न्हाई.

तुझी अक्का,
कमल


पालम
दि. ८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप कमलअक्कास महारुद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मन सुन्न झालं. अक्का, तू आधी का नाही कळवलंस? अकरा महिने तू काय खाल्लंस?

आता नीट ऐक. परभणीला कामगार कार्यालय आहे, तिथं अर्ज दे. नमुना सोबत लिहून पाठवतोय, तू फक्त सही कर. पुरावा मागतील. तू म्हणशील कागद नाही, पण आहे की! तुझ्या खोलीत काचेत लावलेलं मानपत्र विसरलीस काय? तीन वर्षांपूर्वी शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता त्याचं. त्यावर पंधरा वर्षं काम केल्याचा उल्लेख आहे, शिक्का आहे, दिनकररावांची सही आहे, खाली तुझीही सही आहे. तू तिथं कामाला होतीस हे त्यांना आता नाकारता येणार नाही. तेच घेऊन जा. फ्रेमसकट ने, कागद जपायला पाहिजे.

हजार रुपयांची मनिऑर्डर वेगळी पाठवली आहे. परत करशील तर मी जेवणार नाही. कृपादृष्टी असू द्यावी, आणि थोडी कमी रागावत जावी.

तुझा,
महारुद्र


पाथरी
दि. २ मार्च २०२५

चि. महारुद्र यास आशीर्वाद. वि. वि.

तारीख झाली. फ्रेम जुन्या लुगड्यात बांधून एसटीनं परभणीला नेली. वाटंत मांडीवर धरून बसले, बाजूची बाई म्हणली, देवाचा फोटो हाय का. मी म्हणले, पगाराचा हाय.

साहेबाच्या टेबलावर मी माझ्या हातानं ठेवली. दिनकररावाचा वकील उठला, चष्मा लावला अन् मोठ्यानं वाचायला लागला. पंधरा वर्षांचं वाचलं, तवा मला बरं वाटलं. मग पुढची ओळ वाचली. ‘वेतनाची वा मोबदल्याची कधीही अपेक्षा न धरता, केवळ भक्तिभावाने अन्नसेवा केली.’ म्हणला, साहेब, हे बाईंनीच आणलंय अन् खाली सही बी बाईंचीच हाय.

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी काचेकडं बघितलं.

वकिलानं इचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हणले, ठाऊक न्हाई. अडुसष्टाव्या वर्षी खोटं बोलले. तुझं अक्षर मी अंधारात बी वळखीन.

पुढची तारीख २० मार्च. खामखा फिकीर करू नको. मनिऑर्डर ठेवून घेतली, जेव.

अक्का


पालम
दि. ६ मार्च २०२५

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

काय लिहू? दिनकरराव तेव्हा माझ्याकडे आले होते. म्हणाले, गुरुजी, तुमच्या बहिणीचा सत्कार आहे, तुमच्याच हातचा मजकूर हवा. मला केवढा अभिमान वाटला! चार वेळा खरडून पाचव्यांदा पक्कं लिहिलं. वेतनाचं ते वाक्य त्यांनी सांगितलेलं नव्हतं, अक्का. ते माझं आहे. त्याच्याशिवाय मजकूर मला हलका वाटत होता. लोकांनी टाळ्याही तिथंच वाजवल्या होत्या. आणि तेच मानपत्र ने म्हणून मीच सांगितलं. ती ओळ माझ्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती.

वीस तारखेला मी येतो. परभणीच्या स्टँडवर थांब. येऊ नको म्हणून लिहू नकोस, लिहिलंस तरी मी येणारच.

तुझा,
महारुद्र


पाथरी
दि. २९ मार्च २०२५

चि. महारुद्र यास आशीर्वाद. वि. वि.

काल साहेबानं निकाल सांगितला. माणूस चांगला, खुर्ची दिली. म्हणला, आजी, कागद तुमच्या उलट बोलायलाय, दुसरा कागद न्हाई, माझे हात बांधलेत. पटत नसंल तर कोर्टात जा. मी जाणार न्हाई. गुडघे तेवढे चालत न्हाईत.

गल्लीत दोन घरी पोळ्या लाटायला लागले. दोघींकडून आधी कागदावर लिहून घेतलं. हसल्या त्या. हसू दे.

राजेश्रीचं पत्र आलं. तू अन्नाला शिवंना म्हणं. हे नाटक बंद कर. पगार बुडाल्याचं मला एवढं लागलं न्हाई. वीस तारखेला तू टेबलापुढं उभा राहून म्हणलास, साहेब, हे मी लिहिलं अन् हे खोटं हाय. तवा वकील हसून म्हणला, गुरुजी, मग शाळेत बी असंच शिकवलं काय? तू मान खाली घातलीस. बत्तीस वर्षांची मास्तरकी माझ्यासाठी त्या टेबलावर ठेवलीस. ते मला लागलं.

अन् तू राजेश्रीला म्हणलास म्हणं, अक्कानं वाचलं असतं तर सही केली नसती. वाचलं होतं, महारुद्र. चौथीपर्यंत गेले, तेवढं येतं. मोबदल्यापाशी आडले बी. पेन हातात धरून थांबले. मग वाटलं, माझ्या भावानं लिहिलंय म्हणजे माझ्या भल्याचंच असंल.

असू दे. मानपत्र पेटीत तळाला ठेवलंय. फाडवंना, तुझं अक्षर लय देखणं हाय.

लोभ कमी झाला न्हाई, उगं शोधू नको. एकच सांगते. मी गेल्यावर तुला लिहायची हुक्की येईल. अन्नपूर्णा, त्याग, भक्ती, काही लिहू नको. एवढंच लिही:

कमलबाई. स्वयंपाकीण. अठरा वर्षं. पगारी.

तुझी अक्का