उजव्या बाजूला बस

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. पत्रात आधी खुशाली लिहावी ही आईची शिस्त, म्हणून ती आधी उरकते. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुणी हात धरलेला तिला खपत नाही. माझ्या नवऱ्याच्या दुकानात काम भरपूर आहे. लेक माझ्या खांद्याला लागली. मी ठणठणीत आहे.

तुझं कार्ड मिळालं. जाड कागद, वर सोनेरी अक्षरांत ‘चौथा मजला : वीस वर्षं’, आणि खाली तुझ्या हाताने, ‘तुझी खुर्ची राखून ठेवली आहे. येच.’ मी फोन करणार होते. पण फोनवर तू एकदा सुरू झालास की मध्ये शिरायला फट सापडत नाही. कागदावर तुला माझं बोलणं तोडता येणार नाही, म्हणून पत्र.

खुर्ची कसली, दादा? मी त्या बँडमध्ये इतकी वर्षं स्टुलावर बसले. एक पाय आखूड असलेलं स्टूल, खाली पुठ्ठ्याची घडी. मला खुर्ची लागते हे तुला कधीपासून वाटायला लागलं?

कसली खुर्ची ते मला ठाऊक आहे. तुझी नवी ड्रमर मला भेटून गेली. तिच्यावर चिडू नकोस, ती चुगली करायला आली नव्हती. ‘जिना’ गाण्यातला मधला तुकडा तिला बसत नव्हता, तो विचारायला आली होती.

“दादा म्हणतात, तिच्यासारखा वाजव,” ती म्हणाली. “तिच्यासारखा म्हणजे कसा, ते सांगत नाहीत.”

“त्याला माहीत नाही म्हणून सांगत नाही,” मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलावर मी तिला तो तुकडा हातांनी वाजवून दाखवला. पोरगी हुशार आहे. दुसऱ्या खेपेला तिने पकडला. मग चहा पिताना कपाकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं. स्टेजच्या पुढच्या कडेला खुर्ची. खुर्चीवर मी. माझ्यावर दिवा. तू गुडघ्यावर बसून माझ्यावरचं ते गाणं म्हणणार. मग सगळे दिवे बंद, आणि हजारभर माणसं एक मिनिट गप्प बसणार. ताईंना कसं वाटतं ते लोकांना कळावं म्हणून.

“मला ते बरं नाही वाटलं, ताई. पण मी नवीन आहे,” ती म्हणाली.

मी जुनी आहे, तेव्हा मीच सांगते. मला ते बरं नाही वाटलं. मला ते किळसवाणं वाटलं.

तू मुलाखतींत सांगतोस की बँडचं नाव तुला गच्चीवर आभाळाकडे बघताना सुचलं. नाव आपल्या कीबोर्डवाल्या मास्तरांनी ठेवलं होतं. छापखान्याच्या वरची ती खोली, कायम बंद असलेली लिफ्ट, आणि डोक्यावर माझा मोठा ड्रम घेऊन जिना चढणारा आपला बेसवाला लांब्या. वर पोचल्यावर तो भिंतीला टेकून म्हणाला, “हा चौथा मजला आपला जीव घेणार,” आणि मास्तर कीबोर्डची वायर सोडवत म्हणाले, “मग तेच नाव ठेवा, निदान मेल्याचं सार्थक होईल.” तू तेव्हा खाली सिगारेट ओढत होतास.

लांब्या गेला, मास्तर गेले, त्यांच्या जागी जे आले तेही गेले. लोक म्हणतात, या बँडमध्ये माणसं टिकत नाहीत. टिकतील कशी? तू कधी कुणाला काढत नाहीस, हे मात्र खरं. तोंडावर वाईट बोलणं तुझ्या स्वभावात नाही. तू फक्त सरावाची जागा बदलतोस आणि एकाला कळवायचं राहून जातं. लांब्याचे वडील अंथरुणाला खिळले, त्याला दौऱ्यावर येता येईना, तेव्हा तो बेस गिटार पाठीला लावून चौथ्या मजल्यावर गेला आणि दाराला कुलूप. खाली येऊन छापखान्यातल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, “ते लोक कधीच गेले की. तुम्हाला नाही सांगितलं?” हे मला लांब्याने आत्ता सांगितलं, इतक्या वर्षांनी. मला तू सांगितलं होतंस की त्याला कंटाळा आला.

मास्तरांचंही तेच. शाळेच्या परीक्षा संपवून आले, तोवर कीबोर्डवर दुसरा कुणी बसला होता. मास्तर त्याला शेवटची दोन गाणी समजावून देऊन घरी गेले. तो माणूसच तसा.

आणि मग मी.

तो दिवस तुला आठवतच असेल, कारण त्याचंच तू गाणं केलंस. कानाच्या डॉक्टरकडून मी बाहेर आले. नवऱ्याला सांगायच्या आधी, आईला सांगायच्या आधी मी तुला बोलावलं, कारण ड्रमचं सगळं तुझ्याबरोबर सुरू झालं होतं. दवाखान्यासमोरच्या बाकावर तू येऊन माझ्या डावीकडे बसलास आणि बोलायला लागलास. तुझे ओठ हलत होते. मी म्हटलं, “दादा, उजव्या बाजूला बस. डावीकडचं मला ऐकू येत नाही.” तू उठून उजवीकडे आलास. माझा हात धरून रडलास. मी रडले नव्हते, तू रडलास. आणि मी तुला म्हटलं, कुणाला सांगू नकोस, आईला मी माझ्या वेळेने सांगेन. तू मान हलवलीस.

त्यानंतरच्या आठवड्यात सरावाची जागा बदलली.

मला वाटलं होतं, निदान मला तरी तू कळवशील. मी सख्खी बहीण. नंतर पेपरात वाचलं, ‘संसाराला वेळ देण्यासाठी तिने स्वतःहून निरोप घेतला.’ तेही मी गिळलं. म्हटलं, असू दे, माझं गुपित राखायला खोटं बोलला असेल.

आणि मग ते गाणं आलं.

आईला कसं कळलं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. स्वयंपाकघरात ती भाजी चिरत होती, फळीवर रेडिओ चालू होता. मी डब्यांना झाकणं लावत होते. रेडिओवाल्याने विचारलं, हे गाणं कुणावर आहे, आणि तू सांगितलंस. माझी धाकटी बहीण, तिला आता ऐकू येत नाही. आवाज जडही केलास. मग गाणं लागलं. ‘उजव्या बाजूला बस, डावीकडे माझ्या शांत पाणी.’ आईने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले, आणि माझ्या डावीकडे उभी होती ती वळसा घालून उजवीकडे येऊन उभी राहिली. मीच रेडिओ बंद केला. त्या दिवसापासून ती माझ्याशी ओरडून बोलते, आणि ओरडता ओरडता तिचे डोळे भरतात.

माझा क्लासही गेला. मुलांना ड्रम शिकवत होते ते तुला माहीत होतं. क्लासच्या बाई चांगल्या आहेत, बिचाऱ्या किती दिवस शब्द शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, “पालक विचारतात हो, ऐकूच येत नाही तर मुलांच्या चुका यांना कशा कळणार?” मी म्हटलं, “एका कानाने कळतात.” त्या म्हणाल्या, “मला कळतंय. पण त्यांनी गाणं ऐकलंय.”

आता शांत पाण्याबद्दल. माझ्या डाव्या कानात शांतता नाही, दादा. शिट्टी आहे. चहाचं आधण उकळायच्या आधी किटली कण्हते तशी, दिवसरात्र, झोपेतसुद्धा. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू बाकावरून उठलास, घरी गेलास आणि पाणी लिहिलंस, कारण पाण्याला चाल चांगली लागते.

मी येणार नाही. माझी खुर्ची ठेवू नकोस. ते गाणं त्या दिवशी म्हणू नकोस. एवढं ऐक.

धाकटी


३० नोव्हेंबर

दादा,

आई बरी आहे.

तुझं पत्र आलं. पहिल्या पत्राला उत्तर नव्हतं, आणि आता चार पानं, ती कशावर, तर मी तुझी ड्रमर फोडली यावर. मी कुणालाही फोडलेलं नाही. काय झालं ते नीट वाच, कारण स्टेजवरून तुला दिसलं नसणार.

मी आले होते. लांब्या आणि मास्तर तिकिटं काढून दारात उभे राहिले, म्हणाले, चल, आपलंही वीस वर्षांचंच आहे. लांब्या आता लिफ्ट दुरुस्त करतो. मास्तरांचे केस पूर्ण पांढरे झालेत. आम्ही मधल्या रांगांत उभे होतो आणि आम्हाला एकाही माणसाने ओळखलं नाही.

तू खुर्ची ठेवलीसच. रिकामी. वर दिवा. आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तू गायलास. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत तिच्या नवऱ्याला म्हणाली, “गेली वाटतं बिचारी.” मी तिच्याकडे वळून म्हटलं, “नाही हो, जिवंत आहे. बाजारातून येताना भेटते कधीकधी.” लांब्याला हसू आवरेना. मला मात्र हसता येईना.

कारण मी ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकत होते. इतके दिवस कुठेही लागलं की मी उठून जात होते. त्या दिवशी उजवा कान स्टेजकडे करून उभी राहिले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

गाणं चांगलं आहे, दादा. तू केलेलं सगळ्यांत चांगलं. मधे जिथे तू शब्द सोडून नुसता गुणगुणतोस तिथे माझेही हात ठोका धरायला लागले. वाईट असतं तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं. हसून सोडून दिलं असतं. पण तू माझं वाक्य घेतलंस, माझा बाक घेतलास, आणि त्याचं इतकं सुंदर काही केलंस की आता ते कुणीही माझं म्हणणार नाही.

मग तुझं ते मिनिट. कुणी खोकलं, कुणाचा फोन वाजला. सगळे माना घालून उभे होते. माझी शिट्टी चालूच होती.

त्यानंतर तुम्ही ‘जिना’ घेतलंत. मधला तुकडा तिने टेबलावर शिकली तसाच वाजवला, थोडा मागे रेंगाळत. तू वळून बघितलंस. तुला वाटलं ती चुकली. मास्तर माझ्या उजव्या कानाशी म्हणाले, “आज किती वर्षांनी हे गाणं सरळ उभं राहिलं.” तिने मला गर्दीत पाहिलं होतं की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही.

पुढचं तिच्याच तोंडून कळलं. आत गेल्यावर तिने तुला विचारलं, “ताईंना विचारून केलं होतं का हे?” आणि तू म्हणालास, “ते आमच्या घरातलं आहे, तुला नाही कळायचं.” तिने काठ्या पिशवीत टाकल्या आणि निघाली. यात मी तिला कुठे फितवलं? उलट तुझ्या बँडमधून पहिल्यांदाच कुणीतरी सरावाचा पत्ता ठाऊक असताना गेलं. एकदा स्वतःला विचारून बघ, तिला राग कशाचा आला असेल.

आता जे तुला लिहायचं नव्हतं, ते लिहिते. हे गाण्यासाठी नाही.

उजवाही जातोय. उन्हाळ्यापासून. आधी पक्षी गेले, मग दारावरची घंटा, आता लेकीचा आवाज दुसऱ्या खोलीतून येत नाही. डॉक्टर म्हणतात, किती दिवस ते सांगता येत नाही, पण परत येणार नाही. यंत्र लावलं आहे. त्याने भांडी फार ऐकू येतात आणि माणसं कमी. नवऱ्याला माहीत आहे. या वेळी आईला मीच सांगितलं, समोर बसून. ती ओरडली नाही. कितीतरी दिवसांनी हळू बोलली. तिच्या ओठांवरून मला सगळं कळलं.

लांब्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी वाजवतो. तो, मास्तर आणि मी. तुझी ती ड्रमरही येते, डफ वाजवते आणि माझ्या हातांकडे बघत राहते. फरशी लोखंडी आहे. मी चपला काढून बसते. लांब्याचा बेस टाचांतून वर येतो, ठोका कुठे पडायचा ते पायाला आधी कळतं. नाव ठेवलेलं नाही. कुणाला ऐकवायचं नाही. मास्तर मध्येच थांबवून म्हणतात, “ताई, पुन्हा,” आणि मी पुन्हा वाजवते. या वयात कुणी मला पुन्हा म्हणतं याचं किती बरं वाटतं, तुला सांगून कळणार नाही.

आम्हाला गिटार नाही.

लांब्या म्हणाला, “त्याला बोलव.” मी म्हटलं, “मी का बोलवू?” तो म्हणाला, “तुझ्यापेक्षा जास्त कारण माझ्याकडे आहे न बोलवायला, आणि मी म्हणतोय.”

म्हणून जागा कळवते. जुन्या बसथांब्यामागची गल्ली, हिरवं शटर, शटरवर लिफ्टचं चित्र. गुरुवारी, दिवेलागणीला. हे तुला वेळेवर कळवलं आहे, एवढं लक्षात ठेव.

आलास तर मागे उभं राहून साथ द्यायची. गायचं नाही. तिथे जे बघशील, ऐकशील, त्यातला एक शब्द घरी न्यायचा नाही. माझ्या पायांकडे बघून डोळे भरून आणायचे नाहीत. चुकलास तर मास्तर थांबवतील, तेव्हा गुमान पुन्हा सुरू करायचं. हे जमणार नसेल तर येऊ नकोस, मला तुझी पुढची चार पानंही नकोत.

माफ केलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. शोधू नकोस.

पण यायचं असेल तर लवकर ये. अजून मला तुझी गिटार ऐकू येईल. नंतर मला नुसतं तुझं तोंड दिसेल, आणि तुझ्या तोंडावर माझा विश्वास उरलेला नाही.

तुझी बहीण,
गाण्यातली नव्हे