वाळ्याच्या ताट्या आणि समोरची खिडकी

३ मे १९७१
फिर्याद नोंदवतो. आज कपाळावरून घामाचा थेंब टपकला आणि माझ्या लेखातला मंत्रीच पुसला गेला! दोन तास खपून त्याला झोडपला होता. दाद मागायची कुणाकडे — सूर्याकडे? साहेबलोकांच्या खिडकीत एअरकंडिशनर. आमच्या डोक्यावर ओला पंचा.

५ मे
राहुरीला मेहुण्याच्या खिडकीत नवल पाहिलं! पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत पंखा. तापलेला वारा ओल्या वाळ्यातून आत येतो आणि गार होतो. बस्स, एवढंच! परतल्या परतल्या पत्रेवाल्या मच्छिंद्रला डबा करायला सांगितला. ही म्हणाली, "पंखा माझ्या भावाने दिलेला आहे हं, मोडलात तर बघा!"

९ मे
उद्घाटन. दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या — आपला गारवा सावेडीभर का वाटा? तासाभरात भिंती ओलसर, पापड मऊ, मी चिकट. "खोली आहे का मोदकपात्र!" — इति ही.

१० मे
शेजारच्या रंगुबाई भाजीची पाटी घेऊन आल्या. डोकावल्या आणि हसतच सुटल्या. "भाऊ, वारा आत घ्येताय, मंग त्यानं भायेर कुटनं जायाचं? पाटीवरचं वलं पोतं बी वाऱ्यावरच गार ऱ्हातं. कोंडलं की मेथी सडती!"
समोरची खिडकी उघडली. दहा मिनिटांत — अहाहा! बाहेर ४१, आत २९! आणि वीज जळते एका पंख्याची! चार घरी जाऊन सांगून आलो. रंगुबाईंचं नाव तेवढं घ्यायचं राहिलं.

११ मे
थंड डोक्याने दोन लेख झाले. मंत्री दोन्हींत आहे!
रंगुबाई आज फिरकल्या नाहीत. ही जाऊन आली. त्यांची लेक पुष्पावती बाळंत होऊन बारा दिवस झालेत. पत्र्याच्या खोलीत बाळ तापलंय, कालपासून दूध ओढत नाही. डॉक्टर म्हणाले, गार जागेत ठेवा. "आमच्याकडे आणा म्हटलं मी. तर म्हणतात, सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा वलांडू न्हाई."

१२ मे
यंत्र सकाळीच त्यांच्या खिडकीत बसवलं. त्यांच्याकडे वीज नाही. वायर आमच्या घरातून, कुंपणावरून. वारा बाहेर जायला समोर खिडकीच नव्हती — मच्छिंद्रने पत्रा कापला. रंगुबाईंना म्हटलं, "आवाज फार करतं, लिहू देत नाही. ठेवून घ्या तुम्हीच."
दुपारी बाळ प्यालं.